मदत हवी आहे : बालीतल्या सिडेमनला जमीन भाडेपट्ट्यानं घ्यावी का?

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं पूर्व बालीतल्या सिडेमनला तीन आठवडे राहिलो. समोर आगुंग ज्वालामुखी, खाली भातखाचरं, शेजारच्या घरातून हातमागाची खटखट. घरमालकीणबाई रोज सकाळी नारळाच्या पात्यांच्या द्रोणात फुलं घालून उंबऱ्यापाशी ठेवायच्या. तिथंच राहायचं आता मनानं घेतलंय.

अडतंय जमिनीपाशी. इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमी कायद्यानुसार परदेशी माणसाला 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, मिळत नाही. दलाल म्हणतो, गावातल्या कुणाच्या नावावर घ्या, आपसात करार करू. मला हे मुळीच पटत नाही. उद्या वाद झाला तर कोर्टात आपली बाजू उभीच राहणार नाही! त्यापेक्षा २५ वर्षांचा भाडेपट्टा बरा. पाच 'आरे' जागा आहे. हा आरे म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा आरच, १०० चौरस मीटर.

पण ती भातशेती आहे, पाणी 'सुबक'च्या, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवाटप मंडळाच्या, सामाईक पाटाचं. तिथं घर बांधायला परवानगी मिळते का? मुदतवाढीची रक्कम करारात आधीच लिहून घेता येते का? आणि दलालाच्या ओळखीचा नोटरी टाळून स्वतःचा कसा शोधायचा? कुणी स्वतः हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. महिनाअखेर इसार द्यायचा आहे.