मदत हवी आहे : पाच स्टार किती विकले हे काढायचं कसं? (अर्जंट)

लातूरचा_मी
मालकाला सोमवारपर्यंत आकडा पायजे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आपल्याकडून पाच स्टार किती गेले, तीन स्टार किती. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळं आहे, फक्त वीजबचतीच्या लेबलवरचा स्टार कुठंच नाही. दोन दिवस झाले, डोकं पिकलं. कोणाकडं तयार एक्सेल असेल तर टाका. लवकर.

निवांत
पाच स्टार काय? एसी, गिझर, फ्रिज? कोणत्या वर्षाचे?

लातूरचा_मी
एसीच हो. थोडे गिझर, पंखे पण. मागची चार वर्षं.

कारकून_नांदेड
जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मधला एचएसएनचा, म्हणजे मालाच्या कोडचा, तक्ता उघडा. एसी ८४१५, पंखे ८४१४, गिझर ८५१६. पाच मिनिटांचं काम.

मेकॅनिक_परभणी
पाच मिनिटांत एकूण एसी निघतील. तीन स्टार असो की पाच, कोड ८४१५ च. प्रश्न तरी वाचा की राव.

कारकून_नांदेड
वाचलाय. आधी एकूण जुळवा, मग फोडणी द्या. वीस वर्षं हेच करतोय.

वीजबचत
माझं ऐका, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तिशीच्या आसपास. बिलात फरक दिसतो.

लातूरचा_मी
मला पंखा घ्यायचा नाही!!

मेकॅनिक_परभणी
टॅलीत मॉडेल नंबर आहे का नुसतं 'स्प्लिट दीड टन'?

लातूरचा_मी
२०२३ च्या दिवाळीपासून मॉडेल नंबर आहे. त्याआधीचा पोरगा नुसतं 'स्प्लिट दीड टन' टाकायचा.

मेकॅनिक_परभणी
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. जुन्या नोंदींसाठी कंपनीकडून आलेली खरेदीची बिलं काढा, मेलमध्ये पडून असतील. त्यावर मॉडेल असतं. विक्रीचं नाही जमलं तरी आवक स्टारनिहाय लागेल.

दुसरी मेख. मशीन तेच, स्टार बदलतो. १ जुलै २०२२ पासून एसीचा तक्ता कडक झाला, पाचवाला चारवर आला. जानेवारी २०२६ ला पुन्हा तेच. जुन्या लेबलचा माल नंतर विकला तर तो पाच धरायचा का चार? म्हणून स्टारशेजारी आयसीरचा (ज्या आकड्यावरून एसीचा स्टार ठरतो तो) रकाना ठेवा आणि लेबलवरची मुदतही लिहा. २०२२ च्या तक्त्यात स्प्लिटला पाच स्टारसाठी आयसीर ५ लागायचा. विंडोचा तक्ता वेगळा, एकात मिसळू नका. बीईई म्हणजे स्टार लेबल देणारी सरकारी संस्था, तिच्या अॅपवर मॉडेल टाकून बघता येतं.

छताच्या पंख्यांना स्टार सक्तीचा झाला जानेवारी २०२३ पासून. त्याआधीच्या पंख्यांपुढं रकाना कोराच राहू द्या, अंदाजानं भरू नका.

निवांत
आणि 'गेले' म्हणजे काय? तुमच्या गोदामातून डीलरकडं गेले का डीलरकडून गिऱ्हाइकाकडं? मार्चमध्ये डीलरच्या गळ्यात माल मारता, तो बीडच्या दुकानात जूनपर्यंत धूळ खातो.

लातूरचा_मी
मालक 'विकले' म्हणाले. परत विचारायची सोय नाही, ते चिडतात.

मेकॅनिक_परभणी
इन्स्टॉलेशनचे कॉल मोजा. कॉल पडला म्हणजे मशीन घरात गेली. कॉलच्या पत्त्यावरून जिल्हाही कळतो.

कारकून_नांदेड
आमच्याकडं निम्मे लोक गल्लीतल्या मिस्त्रीकडून बसवून घेतात. कॉल कुठला पडतो?

मेकॅनिक_परभणी
हे मात्र बरोबर. मग दोन्ही आकडे द्या, वर लिहा कोणता कशाचा.

कारकून_नांदेड
आणि महिन्यानुसार काढा. २०२५ ला एसीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला २२ सप्टेंबरला. घोषणा १५ ऑगस्टचीच, मधल्या काळात गिऱ्हाईक फिरकलंच नाही. वर्षाच्या बेरजेत ते दडून जाईल.

जालना_कूलर
एसी मोजून काय करता? आमच्याकडं वेल्डरकडून पत्र्याचा कूलर बनवून घेतात. ना बिल, ना स्टार. घराघरात तोच.

निवांत
कूलरला पाणी लागतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कूलरात काय ओतायचं? त्याच उन्हाळ्यात आमच्या सासऱ्यांनी पहिला एसी घेतला. स्टार विचारलाच नाही, हप्ता किती ते विचारलं.

लातूरचा_मी
बिलं सापडली, पण २०२२ ची फाईल उघडत नाही. पासवर्ड जुन्या पोराकडं. तो आता पुण्यात, फोन उचलत नाही.

कारकून_नांदेड
मालकाच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघा. सगळीकडं तेच असतं.

लातूरचा_मी
उघडली.

जालना_कूलर
कूलरचं गवत लातुरात काय भावानं आहे सध्या?