आईला ‘हा कोण?’ विचारावं लागणार नाही असा सुपरहिरो चित्रपट सुचवा

सांजवेळ, मिरज

नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. चित्रपट मन लावून बघते, पण सुपरहिरो हा प्रकार तिने गेल्या दिवाळीपर्यंत कधी पाहिला नव्हता. दिवाळीत भाचा आला आणि त्याने ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ (२०१८) हिंदीतून लावला. सुरुवातीलाच यान उद्ध्वस्त, माणसं मरून पडलेली, आणि थोड्याच वेळात लोकी मरतो. भाच्याच्या डोळ्यांत पाणी. आई मला हळूच विचारते, “कोण गं हा? आपला की त्यांचा?” अर्ध्या तासात तिने वाती वळायला घेतल्या.

मग जानेवारीत मी तिला ‘मिन्नल मुरली’ (२०२१) दाखवला, तोही हिंदीतून. केरळातलं गाव, तिथला शिंपी जेसन, त्याला अमेरिकेला जायचंय. त्याच गावात चहाच्या दुकानात राबणारा शिबू, ज्याला सगळे वेडा समजतात. नाताळच्या आदल्या रात्री दोघांवर एकाच वेळी वीज पडते. कापूस मांडीवर तसाच राहिला. शिबू खलनायक होतोय हे कळल्यावरही ती म्हणाली, “अगं, ह्याला आधीच कुणी जवळ केलं असतं तर?”

तेव्हापासून मनात घोळतंय. दुसरा चित्रपट तिला भावला तो गाव ओळखीचं वाटलं म्हणून, की पात्र पहिल्यांदा समोर आणण्याची काही वेगळी रीत तिथे होती? आणि आता पुढे काय दाखवू? तिला पुन्हा कापूस घ्यायला लागू नये एवढीच इच्छा आहे.

केबिनवाला

ताई, मी १९९६ पासून पंधरा-सोळा वर्षं एका तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. प्रोजेक्टरशेजारच्या झरोक्यातून पडद्यापेक्षा जास्त मी पब्लिक पाहिलं आहे. तुमच्या आईसारखं पब्लिक आमच्याकडे मंगळवारी यायचं. त्या दिवशी आठवडी बाजार. भाजी विकून झाली, एसटीला अजून तीन तास आहेत, पंखा चालू आहे, चला बसू. पडद्यावर काय लागलंय ते आत आल्यावर कळायचं.

२००२ चा ‘स्पायडर-मॅन’ आमच्याकडे उशिरा आला, हिंदीत. कोळी चावतो, पोरगा भिंतीवर चढतो, तोवर स्टॉलमध्ये, म्हणजे पुढच्या स्वस्त खुर्च्यांत, गप्पा चालूच होत्या. शेंगांची टरफलं मोडल्याचा आवाज केबिनपर्यंत यायचा. भिंतीवर चढणाऱ्या माणसाचं त्यांना फार काही वाटलं नाही. देवादिकांच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली माणसं ती, याहून मोठे चमत्कार त्यांना पाठ होते.

गप्पा थांबल्या त्या कुस्तीला. पोराला गाडी घ्यायची आहे, एका मुलीच्या डोळ्यांत भरायचं आहे. जाहिरात असते, आखाड्यात ३ मिनिटं टिका आणि ३००० डॉलर घ्या. पोरगा पहिलवानाला दोनच मिनिटांत लोळवतो. पैसे घ्यायला जातो तर तो माणूस १०० डॉलर हातावर ठेवतो. म्हणे, तीन मिनिटं ठरली होती, तू दोन मिनिटांत संपवलंस. त्या क्षणी आमच्या स्टॉलमधून जो आवाज उठला तो मला आजही ऐकू येतो. त्यात शिव्या होत्या, पण मारामारीला पडतात तशा नव्हत्या. काम पूर्ण करून मजुरी कापली गेलेल्या माणसांच्या होत्या. त्यांच्यातल्या कित्येकांना सकाळीच आडत्याने तसंच गुंडाळलं असेल.

मग त्याच ऑफिसात चोर घुसतो, पैसे घेऊन पळतो, पोराच्या समोरून जातो. पोरगा बाजूला होऊन वाट देतो. ताई, टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. बरं झालं, लुटलं त्याला, असं सगळं थिएटर एका सुरात म्हणालं. आणि काही मिनिटांत त्याच चोराने पोराच्या काकाला गाडीसाठी गोळी घातली.

पोरगा चोराला गाठतो, तोंडावर उजेड पडतो आणि हा तोच, हे कळतं, तेव्हा जी शांतता झाली ती मी इतर कुठल्या चित्रपटाला पाहिली नाही. प्रोजेक्टरची घरघर तेवढी होती. कारण चोराला वाट पोराने एकट्याने दिली नव्हती, आम्ही सगळ्यांनी दिली होती. त्याच्या अपराधात अख्खं स्टॉल भागीदार झालं होतं. त्यानंतर त्या पोराने अंगावर लाल-निळे कपडे का घातले, हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मला वाटतं रीत हीच आहे. आधी असं काही दाखवा की परका माणूसही म्हणेल, मी असतो तर असंच केलं असतं. मग त्याचीच किंमत मोजायला लावा. तुमच्या शिबूच्या बाबतीतही तेच झालेलं दिसतं. आईंनी आधी त्याची बाजू घेतली, मग तो बिघडला.

आणखी एक. तो काका पहिल्यांदा दिसतो तेव्हा घरातला बल्ब बदलत असतो. कारखान्यातला जुना इलेक्ट्रिशियन, नोकरी गेलेली. पाच-दहा सेकंदांचं काम, पण काकूशी बोलता बोलता चाललेलं. तो गेला तेव्हा रडू आलं ते त्या बल्बमुळे. इंग्रजी चित्रपटाला मध्यंतर नसतं, आमच्याकडे रीळ संपेल तिथे ते आम्हीच द्यायचो. काका गेल्यावर दिलं. त्या मंगळवारी एसटी गाठायला फार थोडी माणसं उठली.

आईंना हाच दाखवा.

तिसरी घंटा

केबिनवाले काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी हौशी नाटकं बसवते, म्हणून थोडी वेगळी गोष्ट सांगते. सांजवेळताई, तुमच्या आईने विचारलेला ‘हा कोण?’ हा प्रश्न चांगल्या चित्रपटात पडद्यावरचंच कुणीतरी आईच्या वतीने विचारतं.

२००० चा ‘एक्स-मेन’ बघा. तिथे वुल्व्हरिन, ज्याच्या मुठीतून धारदार पाती बाहेर येतात, आपल्याला भेटतो तो कॅनडातल्या एका दारूच्या अड्ड्यावर, पिंजऱ्यात पैशासाठी मारामारी करताना. त्याच्याकडे बघत असते घरातून पळालेली, रोग नावाची एक मुलगी. तिलाही काही माहीत नसतं. पुढे त्याच्या गाडीत बसल्यावर ती त्याच्या हाताकडे बघते आणि विचारते, ती पाती बाहेर येतात तेव्हा दुखतं का? तो म्हणतो, दर वेळी. दोन वाक्यं! त्याची ताकद, त्याचं एकटेपण, आणि याआधी त्याला हे कुणीच विचारलेलं नाही, हे सगळं त्यात आलं. आमच्याकडे पात्राच्या पहिल्या प्रवेशाला किती जपतात! तो प्रवेश फसला तर पुढचे दोन अंक नट उभा राहत नाही.

‘आयर्न मॅन’ (२००८) मध्ये हेच काम नायकासोबत, म्हणजे शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या टोनी स्टार्कसोबत, लष्करी गाडीत बसलेल्या तरुण सैनिकांनी केलंय. ते आधी बुजून गप्प बसलेले, मग एकजण फोटो मागतो. त्यांच्या लाजण्यातून कळतं की हा माणूस प्रसिद्ध आहे, त्याच्या बोलण्यातून कळतं की तो मनमोकळा आणि बेफिकीर आहे. लगेच हल्ला होतो आणि त्याच्या शेजारी येऊन पडलेल्या अस्त्रावर त्याच्याच कंपनीचं नाव असतं. कुणी निवेदन करत नाही.

‘इन्फिनिटी वॉर’मध्ये विचारणारं कुणी नाही, कारण आधीच्या दहा वर्षांतले चित्रपट पाहिलेल्यांसाठीच तो केलाय. तो त्याचा दोष मी मानत नाही. पण आईंना त्या दाराने आत नेऊ नये.

रातराणी

थोडा विरोध नोंदवते. ताकद कशी मिळाली, कोण गेलं, इथूनच सुरुवात करायला हवी असं नाही. २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ने कोळी चावणं आणि काकाचं जाणं दाखवलंच नाही, तरी चाललं. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये त्याच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टनचा, नाश नाही. पडद्यावर काही ओळी येतात, त्यातली शेवटची अशी की तो नुकताच पहिल्यांदा हरला आहे. मग तो आकाशातून बर्फात आपटतो, अंग मोडलेलं, आणि कसाबसा शीळ घालून आपल्या कुत्र्याला बोलावतो. कुत्रा येतो तोच मुळी दंगा करत. माझ्या सासूबाईंनी सुपरमॅनचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर कुत्री पाळली आहेत. त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, “अरे, हळू, त्याला लागलंय.” त्यांना एवढ्यावर पुढचे दोन तास पुरले.

म्हणून माझं मत, आईंना काय जवळचं आहे ते आधी बघा. शिक्षिका होत्या ना? मग ‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर’ (२०११) दाखवा. किडकिडीत पोरगा, कवायतीत सगळ्यांच्या मागे. ग्रेनेड पडल्यावर धिप्पाड जवान पळतात आणि हा त्यावर पालथा पडून बाकीच्यांना लांब जायला सांगतो. वर्गात मागच्या बाकावरचा असा एक मुलगा प्रत्येक शिक्षिकेच्या लक्षात असतो.

सांजवेळ, मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री २००२ चा ‘स्पायडर-मॅन’ लावला. आधी काही सांगितलं नाही.

काकाच्या बल्बपाशी आई म्हणाली, “नोकरी गेली की माणूस घरात असंच काहीतरी करत राहतो. तुझे बाबा नाही का, गिरणी बंद पडली तेव्हा सायकल उघडून बसायचे.” हे मला माहीत नव्हतं, मी तेव्हा तीन वर्षांची होते. मी चित्रपट थांबवला. आम्ही वीसेक मिनिटं बाबांबद्दल बोललो, मग पुन्हा सुरू केला.

१०० डॉलरच्या प्रसंगी ती खरंच चिडली. चोर पळाला तेव्हा “जाऊ दे त्याला” म्हणाली, मी स्पष्ट ऐकलं. नंतर चोराचा चेहरा दिसला तेव्हा माझा हात धरला, बोलली काहीच नाही.

आज सकाळी चहा गाळताना विचारत होती की ती काकू आता एकटी घर कसं चालवणार. दुसऱ्या भागात ते येतं असं मी सांगितलंय. रविवारी लावतेय. ‘कॅप्टन अमेरिका’ त्याच्या पुढच्या रविवारी.