प्रथिनं पानात, काडीत नाही
चवळीचा वाळला चारा असला की मेंढ्यांना पेंड लागत नाही, असं काही जण म्हणतात. तो वाळवला कसा, यावर सगळं आहे. चवळी काय, स्टायलो (चाऱ्याचं एक शेंगवर्गीय पीक) काय, प्रथिनं बहुतेक पानात. कडक उन्हात फार उलथापालथ केली की आधी पानंच झडतात आणि हाती काड्या उरतात! फुलोऱ्यावर कापून नीट वाळवला तर १५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं मिळू शकतात. कडबा-पेंढ्यात जेमतेम ३-५ टक्के. आणि चाऱ्यातलं प्रथिनांचं प्रमाण ७ टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले जिवाणू मंदावतात, मेंढी खातेच कमी. तिथे या चाऱ्याची जोड उत्तम. दूध पाजणाऱ्या मेंढीला मात्र मी थोडा खुराक देईनच. सुबाभळीचा पाला जपून द्या, त्यातल्या मायमोसिन या विषारी द्रव्यामुळे लोकर गळते.