अरुंधती भट्टाचार्य पोरींपुढं आदर्श म्हणून ठेवाव्या का?

बोंडअळीग्रस्त:
राजेहो, आमच्या गावच्या वाचनालयात महिला दिनाचा बोर्ड बनून रायला, त्यात स्टेट बँकेच्या माजी अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यायचा फोटो लावायचं पोरींनी ठरवलं. बाई हुशार, त्याच्यात वादच नाही. 1977 ले प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या, 2013 ले अध्यक्ष झाल्या, दोनशे वर्षांच्या बँकेतल्या पयल्या बाई, 2025 ले पद्मश्री. पण मार्च 2017 आठवा ना जरा. तुरीचा हमीभाव 5,050 अन बाजारात व्यापारी चार हजारबी द्यायले तयार नाही, नाफेडच्या केंद्रावर बारदाना संपलेला, अन त्याच महिन्यात ह्या बाई म्हणतात का कर्जमाफीनं कर्ज फेडायची शिस्त बिघडते. विधिमंडळात हक्कभंगाची नोटीस आली होती त्याच्यावरून. त्याच्या चार महिनेआधीच ह्याच बँकेनं 63 मोठ्या थकबाकीदारायचे 7 हजार कोटी राइट ऑफ केल्याच्या बातम्या होत्या. मंग शिस्त काय फक्त दोन एकरवाल्यालेच?

रिटायर्ड कॅशियर:
भाऊ, राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे, हे मी नोकरीत शंभरदा सांगून थकलो. कर्ज ताळेबंदातून काढून वेगळ्या खात्यात टाकतात, वसुली चालूच राहते. जुन्या थकीत पीककर्जाचंही तेच होतं, तरी लोकअदालतीची नोटीस येतेच ना घरी? आणि त्या यादीतलं किंगफिशरचं कर्ज बाई अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधीचं. उलट रिझर्व्ह बँकेनं 2015 मध्ये बुडीत कर्जं उघडी करायला लावली, तो सगळा पसारा यांच्याच गळ्यात आला. त्यातच नोटबंदी, आणि 1 एप्रिल 2017 ला पाच सहयोगी बँका अन भारतीय महिला बँक एकदम आत घेतल्या. तेव्हा काउंटरवर कोण होतं, त्याला विचारा ते दिवस.

बोंडअळीग्रस्त:
काका, खातं कोणत्या वहीत गेलं ते तुम्हाले मालूम. आमच्या सातबाऱ्यावर बोजा चढला का सोयरिकीतबी इचारतात. किंगफिशरवाला मल्ल्या तं मार्च 2016 ले लंडनले निघून गेला, त्याच्या दारी कोण गेलं लोकअदालतीची नोटीस घेऊन?

दरवर्षी नवंजुनं:
मी कास्तकारच आहो, तरी बाईच्या बाजूनं बोलतो, शिव्या देऊ नका. दरवर्षी मार्चच्या आत व्याजानं पैसे उचलून पीककर्ज भरतो, पुढच्याच आठवड्यात परत उचलतो. 2017 ची माफी आली 34 हजार कोटीची, थकवणाऱ्याचे दीड लाखापर्यंत माफ, अन मले 25 टक्के, तेबी जास्तीत जास्त 25 हजार. त्याच्यासाठी अंगठा लावायले सेतूपुढं लाईन, आधारवर अंगठा काही उमटे ना. शेजारी हासत होता माह्यावर. त्याच्यानंतर आमच्या सोसायटीत भरणारे कमीच झाले, पुढच्या निवडणुकीची वाट पाहतात. बाई हेच म्हणत होत्या ना? चुकीच्या वेळी बोलल्या म्हणा, खोटं नाही बोलल्या.

सेवाकेंद्रवाली ताई:
माफीचं सोडा हो, मिनिमम बॅलन्सवर कोणी बोलत का नाही? एप्रिल 2017 पासून खेड्यात हजार रुपये ठेवा नाही तं दंड, महानगरात पाच हजार. हे बाईच्याच काळात परत चालू झालं. त्याच वर्षी एप्रिल ते नोव्हेंबरात 1,771 कोटी दंड गोळा केला स्टेट बँकेनं, मार्च 2020 ले जाऊन बंद झाला. जनधनले सूट होती हे मान्य, पण बायकायची जुनी साधी खाती असतात, कोणाले मालूम ते जनधन आहे का काय. मी ज्या बँकेचं काम पाहते तिचं नाव घेत नाही, तिथंबी हेच, निराधारचे पैसे काढायले आलेल्या म्हाताऱ्या पासबुक छापलं का मलेच इचारत, पोरी हे पैसे कोण नेले वं? जनधनच्या शून्य बॅलन्स खात्यायचा खर्च भागवायचा म्हणून हा दंड, असं बाईनं सांगितलं होतं. म्हणजे गरिबाचा खर्च गरिबाकडूनच!

एमपीएससी दारव्हा:
बोर्ड आम्हीच करतोय म्हणून लिहिते. अरुंधतीबाईंचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे आपल्या गोंदियाच्या पुढंच, मग बोकारो. शिकल्या इंग्रजी साहित्य, बँकिंगचा काही संबंध नाही. तिथून न्यूयॉर्कपर्यंत बदल्या. लखनौला असताना मुलीला शाळा मिळेना म्हणून नोकरी सोडायच्या विचारात होत्या हे त्यांनीच सांगितलंय. पुढं स्वतः खुर्चीवर बसल्यावर बायकांना मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळायला दोन वर्षांची रजा सुरू केली. आमच्याकडे मुलगी बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा निघाली तरी घरचे म्हणतात पोस्टिंग यवतमाळच्या बाहेर नको, त्या मुलीला हे वाचू द्यायचं नाही का? आणि खाजगी बँकांचे साहेब कोटीत पगार घेत असताना ह्यांचा वर्षाचा पगार तीस लाखांच्या आसपास होता, तेही बघा.

चौकातला पोट्टा:
दोन वर्षं रजा बँकेतल्या बाईले. निंदणाऱ्या बाईले एक दिवस तं मिळू दे.

एमपीएससी दारव्हा:
ते स्टेट बँकेच्या अध्यक्षांनी द्यायचं का दादा? आपल्याच वावरात येतात ना त्या निंदायला.

रिटायर्ड कॅशियर:
😀 उत्तर द्या आता.

सेवाकेंद्रवाली ताई:
रजेचं चांगलंच केलं, नाही कोण म्हणते. पण एकाच माणसानं दोन्ही केलं, रजा अन दंड. फोटोखाली फक्त पयली महिला अध्यक्ष लिवसान तं अर्धीच गोष्ट होते. पोरी मोठ्या झाल्या का साहेब होतील, त्यायले दंडाचंबी मालूम पाहिजे.

बोंडअळीग्रस्त:
ताईले माह्या पाठिंबा. लावा फोटो, पण दंड अन माफीवालं वक्तव्य दोन्ही लिवा खाली.

एमपीएससी दारव्हा:
लिहिते, जागा आहे. पण मागच्या वर्षी त्याच भिंतीवर चार उद्योगपतींचे फोटो लावले, सगळे पुरुष, तेव्हा कोणाच्या कंपनीवर किती कर्ज आहे हे एकानंही खाली लिहायला सांगितलं नाही.

बोंडअळीग्रस्त:
तवा मी कमिटीत नव्हतो.

दरवर्षी नवंजुनं:
होता ना बावा, हार तूच आणला होता.