व्हायरल निधिसंकलन मोहिमांतून टिकाऊ असे काय उरते?

गोदाकाठ :
आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दुर्मिळ आजार असलेल्या बालकांसाठी समाजमाध्यमांवर एखादे ‘चॅलेंज’ सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेतानाची चित्रफीत टाकायची आणि इतरांनाही तसे आव्हान द्यायचे, हे २०१४ चे आइस बकेट चॅलेंज त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या उत्साहात मोडता घालण्याची माझी इच्छा नाही. मात्र ती लाट ओसरल्यावर जमलेल्या पैशांचे काय झाले आणि अशा मोहिमेमुळे सरकारी धोरणात कधी फरक पडला आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे मुलांपुढे ठेवता यावीत असे वाटते. जाणकारांनी कृपया लिहावे.

जमाखर्च :
आइस बकेट चॅलेंजची चेष्टा पुष्कळ झाली, पण त्याचा हिशेब फारसा कोणी वाचला नाही, म्हणून तोच आधी मांडतो. स्नायूंना हालचालीचे संदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी करणाऱ्या ए.एल.एस. या आजारासाठी अमेरिकेतील ए.एल.एस. असोसिएशन काम करते. २०१३ मध्ये जुलैअखेर ते ऑगस्टअखेर या महिन्याभरात या संस्थेकडे सुमारे २८ लाख डॉलर आले होते. २०१४ मध्ये त्याच महिन्याभरात १० कोटींहून अधिक आले आणि एकूण रक्कम साडेअकरा कोटी डॉलरपर्यंत गेली. त्यांतील सुमारे ७.७ कोटी संशोधनासाठी, २.३ कोटी रुग्णसेवेसाठी आणि उरलेले लोकशिक्षण, निधिसंकलन व व्यवहारशुल्क यांसाठी राखल्याचे संस्थेने जाहीर केले. या पैशाच्या आधारे चाललेल्या प्रोजेक्ट माइन या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून २०१६ मध्ये एन.ई.के.-१ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध पुढे आला.

औषधाची कथा मात्र इतकी सरळ नाही आणि ती मुलांना अवश्य सांगावी. ए.एम.एक्स.००३५ या औषधाच्या विकासाला संस्थेने २२ लाख डॉलर दिले होते. त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा ‘बादलीतून औषध आले’ अशा थाटाच्या बातम्या झळकल्या. पुढे मोठ्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. देणग्या वाया गेल्या, असा निष्कर्ष मी यावरून काढणार नाही, कारण वैद्यकीय संशोधनात बहुतेक औषधांचे असेच होते. ‘तुमच्या शंभर रुपयांनी आजार बरा होईल’ असे आवाहन करू नये, एवढे मात्र यातून नक्की दिसते.

मोहिमेला चेहरा देणारे पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन हे दोघेही स्वतः याच आजाराचे रुग्ण होते. ते अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये गेले. संस्थेने २०१५ च्या ऑगस्टमध्ये हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, पण आधीच्या रकमेच्या जवळपासही ती पोहोचली नाही. पैसा एकदाच आला. तो पेलण्यासाठी संशोधकांचे जाळे आणि अनुदान देण्याची यंत्रणा आधीपासून उभी होती, म्हणून कारणी लागला. आपल्या विद्यार्थ्यांनी चित्रफितीच्या कल्पनेआधी देणगी कोणाच्या खात्यात जाणार आणि ती संस्था लेखापरीक्षण प्रसिद्ध करते का, हे ठरवावे.

उत्तरवाट :
याची दुसरी बाजू ‘कोनी २०१२’ मध्ये दिसते. सॅन डिएगोच्या इनव्हिजिबल चिल्ड्रन या संस्थेने ५ मार्च २०१२ रोजी प्रसिद्ध केलेली अर्ध्या तासाची ही चित्रफीत सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. मुलांना पळवून सैनिक बनवणारा युगांडातील बंडखोर टोळीचा म्होरक्या जोसेफ कोनी याला त्याच वर्षी पकडावे, ही तिची मागणी होती. प्रत्यक्षात कोनीची टोळी कित्येक वर्षांपूर्वीच युगांडा सोडून शेजारच्या देशांत गेली होती. उत्तर युगांडातील लिरा येथे ही चित्रफीत जाहीरपणे दाखवली, तेव्हा या टोळीच्या हिंसेत स्वतः होरपळलेले प्रेक्षक संतापले. २० एप्रिलच्या रात्री शहरोशहरी भित्तिपत्रके लावण्याच्या कार्यक्रमाकडे फारच थोडे लोक फिरकले.

गंमत अशी, की कोनीच्या टोळीला आवरण्यासाठीचा अमेरिकी कायदा २०१० मध्ये, म्हणजे चित्रफितीच्या दोन वर्षे आधीच मंजूर झाला होता. त्यामागे याच संस्थेसह अनेकांनी लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत चिकाटीने घातलेल्या खेपा होत्या. त्या खेपांची आठवण आज कोणाला नाही!

गोदाकाठ :
दोघांचेही आभार. आपल्याकडे दुर्मिळ आजारांच्या बाबतीत देणग्यांपलीकडे काही घडले आहे का?

मुक्काम परळ :
घडले आहे, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुर्बळ करणाऱ्या आनुवंशिक आजारावरील एका जनुकीय उपचाराची किंमत सुमारे सोळा कोटी रुपये होती. २०२१ च्या सुरुवातीस मुंबईतील एका कुटुंबाने लोकवर्गणीतून ती रक्कम उभी केली; त्यानंतर आयातशुल्क आणि वस्तू व सेवा कर मिळून होणारे सुमारे सहा कोटी केंद्र सरकारने माफ केले. ही सवलत त्या प्रकरणापुरती होती. ज्यांच्या बाळाची चित्रफीत पसरली नाही, त्या पालकांनी काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला, आणि लोकवर्गणीची मला खटकणारी बाजू हीच आहे. कोणाचे मूल अधिक लोकांच्या नजरेत भरते, यावर उपचार ठरू लागतात.

त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आले. २०२२ मध्ये त्यात बदल होऊन उत्कृष्टता केंद्रे म्हणून नेमलेल्या निवडक रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या रुग्णाला, आजार धोरणातील कोणत्याही गटातील असला तरी, पन्नास लाखांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय या केंद्रांपैकी एक आहे. ही रक्कम वर सांगितलेल्या जनुकीय उपचाराला पुरत नाही, हे उघड आहे. तरीही ती मागण्यासाठी मूल प्रसिद्ध असावे लागत नाही.

त्याहून मोठा फरक औषधाच्या किमतीत पडला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरीलच रिसडिप्लाम या औषधाची एक बाटली सुमारे सहा लाख रुपयांना मिळत असे. त्याच्या पेटंटवरून मूळ औषध विकणारी रोश आणि त्याची स्वस्त आवृत्ती आणू पाहणारी हैदराबादची नॅटको या कंपन्यांमध्ये खटला चालला आणि रुग्णही या औषधासाठी न्यायालयांत गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅटकोची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली आणि तिला रोखण्यासाठी हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात नकार दिला.

विद्यार्थ्यांनी चॅलेंज जरूर करावे, पण त्याच्या प्रत्येक चित्रफितीत एकच नेमकी मागणी असावी. पन्नास लाखांची मर्यादा ओलांडल्यावर पुढच्या डोसाचे काय, हा प्रश्न आपल्या खासदारांना विचारता येईल. उत्कृष्टता केंद्रांकडे किती अर्ज आले आणि किती निधी वितरित झाला, हे माहितीच्या अधिकारात मागवता येईल. त्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.