खारी हवा आणि वाढीव वॉरंटी
वस्तू घेतली ते दुकान कोल्हापूरचे असेल तर ग्राहकाने तक्रारही तिथेच करावी लागेल, असे काही जण म्हणतात; हे मत जुन्या कायद्यापुरते बरेचसे ठीक होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते; 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

मालवणात आमच्या टीव्हीचा बोर्ड वाढीव वॉरंटीच्या दुसऱ्या वर्षी गेला, तेव्हा दुकानदाराने त्यावरचा हिरवट थर दाखवून ‘हा खाऱ्या हवेचा गंज’ म्हणत हात वर केले. (विकताना ही हवा कुणाला आठवत नाही.) गंज वगळल्याची अट त्याने नंतर काढलेल्या पत्रकात होती, बिलासोबत आम्हाला मिळालेल्या एकपानी कागदावर नव्हती, त्याच कागदाची प्रत जोडून, सिंधुदुर्गाच्या जिल्हा आयोगात जाऊ अशी लेखी नोटीस रजिस्टर टपालाने पाठवल्यावर तीन आठवड्यांत बोर्ड बदलून मिळाला.