चोर्ला घाटात अकरा वर्षं गाडी मारली म्हणजे गाडी येते असं नाही

जांबोटीवाला
परवा इथं एकानं साधा प्रश्न विचारला होता, बेळगावच्या आसपास मोटरसायकलचं लायसन्सच्या पुढचं ट्रेनिंग कुठं मिळतं, घाटातलं, ब्रेकिंगचं. त्याला खाली उत्तर आलं, "असल्या क्लासला पैसे घालणं म्हणजे चोचले. चोर्ला हीच शाळा, चार वेळा गोव्याला जाऊन ये, आपोआप शिकशील." आणि त्याला धडाधड लाइक. दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय म्हणून लिहितोय.

मी या शाळेत अकरा वर्षं काढली. जुलै महिना, कणकुंबी सोडून खाली उतरत होतो, मागं बायको, स्पीड फार तर पस्तीस. डाव्या वळणावर वरनं लाल चिखल वाहून आलेला आणि समोरनं टेम्पो रस्त्याच्या मधनं आला. मी काय केलं, अकरा वर्षं जे केलं तेच, मागचा ब्रेक सगळा दाबला. कारण वडिलांनी शिकवताना सांगितलेलं, पुढचा धरलास तर कोलांटी खाशील. मागचं चाक लॉक झालं, गाडी आडवी व्हायला लागली, मी गटाराकडं बघत राहिलो आणि गाडी बरोब्बर गटारातच गेली. बायकोच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. टेम्पोला जायला जागा होती आणि मलापण होती, हे मला पडल्यावर दिसलं.

घाटानं मला काय शिकवलं तर माझीच चूक अकरा वर्षं घोटून पक्की करून दिली. ब्रेक लावला की वजन पुढं जातं, पुढचा टायर रस्त्याला दाबून धरतो, म्हणून थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकात असते, फक्त तो हिसका न देता दाबत न्यायचा. आणि नजर जिकडं गाडी तिकडं. या दोन गोष्टी मला कुणी आधी सांगून मैदानात करून घेतल्या असत्या तर ते हाड मोडलं नसतं.

आता मूळ प्रश्न. बेळगावात नियमित चालणारा असा क्लास मला तरी सापडला नाही. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर येतं, मी दोन दिवस करून आलो. मातीतलं शिकायचं तर सी. एस. संतोषनं, 2015 ला डकार ही वाळवंटातली लांब रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय तोच, कोलारच्या बाजूला बिगरॉक सुरू केलेलं. दोन्ही लांब आहेत, खर्चिक आहेत, मान्य. पण चोचले म्हणू नका.

पल्सर_केए२२
ते उत्तर माझंच होतं. बायकोचं ऐकून वाईट वाटलं, पण मत बदलत नाही. ट्रॅकवर समोरनं गोव्याच्या कदंबाची बस येत नाही, म्हैस आडवी येत नाही, खडी सांडलेली नसते. तिथं वळणात गुडघा टेकवायला शिकून इथं खानापूर रोडला काय करणार? माझे दोन दोस्त गेले, दोघंपण चांगले रायडर. एक घटप्रभेच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीत मागनं घुसला. रात्रीची वेळ, लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, पंक्चर काढायला मधोमध उभी केलेली. त्याला कुठला क्लास वाचवणार होता सांगा.

जांबोटीवाला
पहिल्या लेव्हलला गुडघा टेकवणं शिकवतच नाहीत. थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटर कसा धरायचा, वळणात कुठं आत घ्यायची, हँडलवर अंग कसं सैल ठेवायचं, हे शिकवतात. अमेरिकेत हर्ट नावाच्या प्रोफेसरनं लॉस एंजेलिसचे नऊशे मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, 1981 चा रिपोर्ट आहे. त्यात 92 टक्के लोक स्वतःच नाहीतर घरच्या-मित्रांकडून शिकलेले निघाले.

पल्सर_केए२२
आणि जे पडले नाहीत ते कुठं शिकलेले होते? तेपण बहुतेक घरच्यांकडूनच ना. सगळं गावच वडिलांकडून शिकत असेल तर पडणारेपण वडिलांकडून शिकलेलेच असणार. त्यानं काय सिद्ध झालं?

जांबोटीवाला
हा मुद्दा बरोबर आहे. नुसत्या त्या आकड्यानं सिद्ध होत नाही. पण माझ्या अनुभवाचं सांगतो ते खोटं होत नाही.

माजी_डीआर
मी फौजेच्या सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरनं निरोप पोचवणारा होतो, आता गणेशपूरला असतो. फौजेत आम्हाला आधी सगळ्यात हळू चालवायला लावायचे. पाय न टेकता, क्लच अर्धा धरून, माणूस चालतो त्याच्यापेक्षा हळू. जो हळू चालवू शकत नाही त्याला पुढं सोडत नव्हते. आपल्याकडं लायसन्सला आठ काढताना पोरगं दोनदा पाय टेकतं तरी पास. चेन्नईला जाऊ नका कुणी, रिकामं मैदान, खडू आणि एक तास पुरे. तीसच्या स्पीडला रेघ आली की ब्रेक, कुठं थांबली तिथं दुसरी रेघ. दर रविवारी ती रेघ अलीकडं येते का बघा.

शहापूरची_ताई
सगळे गाड्यावाले बोलालाय म्हणून मी बोलते. शहापूर ते उद्यमबाग रोज ॲक्टिव्हावरनं जाते, आमच्यासाठी काय आहे? 2022 ला देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. ती काय सगळी घाटात रेस मारणारी होती काय? माझ्या ऑफिसातल्या पोरींना एवढंपण माहीत नाही की हल्लीच्या स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की पुढचापण थोडा लागतो, पण पूर्ण थांबायचं तर उजवापण दाबावा लागतो. उजवा लिव्हर नवाच्या नवा असतो त्यांचा. काका म्हणतात तसली रेघ मी मागच्या महिन्यात नवऱ्याला घेऊन केली. पहिल्यांदा पुढचं शॉकअप खाली बसताना मी घाबरून लिव्हर सोडून दिलं. आठव्या वेळेला तेच खाली बसणं बरं वाटायला लागलं, कारण गाडी धरून ठेवल्यासारखी थांबते.

रायबागचा_ऊसकरी
वर ट्रॉलीचं आलं म्हणून लिहालोय. प्रत्येक वेळी ऊसवाल्याच्या नावानं बोटं. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा नसतो बऱ्याचदा, ठेकेदाराचा असतो, तोडणीची टोळी बीडवरनं आलेली, ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नसतो कारण कारखान्याच्या गेटवर नंबर लागायला पायजे. तोड लांबली की आमच्या उसाचं वजन घटतं. तुम्ही ऐंशीनं यायचं आणि घुसलं की शेतकरी खुनी?

पल्सर_केए२२
होय, खुनीच म्हणतो मी. माझ्या दोस्ताची मुलगी चार वर्षाची आहे. नंबर लागायला पायजे म्हणून मागं एक लाल दिवा लावायला वेळ नाही? दोन ट्रॉल्या जोडून, पाला दोन्ही बाजूला लोंबत, अर्धा रस्ता अडवून. झोप नाही म्हणे. आमच्या वहिनीला झोप लागते काय विचारा जाऊन.

रायबागचा_ऊसकरी
माझा चुलत भाऊपण मोटरसायकलवरनंच गेलाय, ट्रॉलीलाच, आमच्याच गावच्या. मला शिकवू नका.

माजी_डीआर
दोघंपण जरा शांत व्हा. पल्सरवाल्या, तुझं दुःख मोठं आहे, पण तू विचारलास कुठला क्लास वाचवणार होता. रात्री डिपरवर, म्हणजे खालच्या लाइटवर, तीस-चाळीस मीटर स्वच्छ दिसतं. साठच्या स्पीडला सेकंदाला सतरा मीटर जातोस. ट्रॉली ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-सव्वा सेकंद गेला, म्हणजे वीस मीटर, आणि थांबायला चांगल्या रस्त्यावर अजून वीस. ऐंशीला हेच सगळं मिळून साठ-सत्तर मीटर होतं. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हा फौजेतला पहिला धडा. ट्रॉलीवाला चुकला, शंभर टक्के चुकला. पण हा धडा तुझ्या दोस्ताला कुणी दिला नव्हता.

पल्सर_केए२२
काका, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर शिव्या दिल्या असत्या. तो सत्तर-ऐंशीनं होता, हे खरं आहे. मी मागनं येत होतो. बास, अजून बोलत नाही त्यावर. मैदानातलं ठीक आहे, करून बघतो. चेन्नईचं अजून पटलेलं नाही.

जांबोटीवाला
चेन्नईला जाच असं मी म्हणत नव्हतो, चोचले या शब्दावर माझा राग होता. पण काकांची रेघ आधी करायला पाहिजे होती मी, हे कबूल. एवढा खर्च करून तिथं पहिल्या दिवशी मला थ्रॉटलवरचा हात सैल करायलाच अर्धा दिवस लागला.

रायबागचा_ऊसकरी
ते रिफ्लेक्टरचं टेप कुठलं लावायचं ते सांगा कुणीतरी. आमच्या दोन ट्रॉल्या आहेत, घरच्या. सीझन सुरू व्हायच्या आत लावतो.

शहापूरची_ताई
मागं लाल, बाजूला पिवळं, पुढं पांढरं.

रायबागचा_ऊसकरी
लावलेलं गेल्या साली मागच्या फाळक्यावर. ऊस भरला की वाढं, उसाचे शेंडे, त्याच्यावरच लोंबतं, काय दिसत नाही. खाली लावलं तर चिखलानं भरतं. त्याला काय करायचं?

पल्सर_केए२२
पाइपाचा तुकडा घ्या, मागच्या चेसिसला वेल्डिंग मारून वाढ्याच्या बाहेर दोन फूट काढा, त्याच्या टोकाला टेप गुंडाळा. माझं वेल्डिंगचं दुकान आहे उद्यमबागेत. ट्रॉल्या घेऊन या, मजुरी घेणार नाही.